कोर्टाच्या कागदांतले मराठी शब्द : परदेशस्थ कुटुंबांसाठी एक ओळख

सुरुवातीलाच सांगतो, मी वकील नाही. मी इंजिनियर आहे आणि गेली बारा वर्षे इथे न्यू जर्सीत सॉफ्टवेअरची नोकरी करतो. कोर्टाशी माझा संबंध आला तो नाइलाजाने. त्या वेळी जे शब्द अडले, जे विचारून-वाचून समजले, ते एका जागी लिहून ठेवले तर आपल्यापैकी कोणाला तरी उपयोग होईल, म्हणून हा लेख.

झाले असे. बाबा गेल्यानंतर दोन वर्षांनी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या वडिलोपार्जित जमिनीबद्दल माझ्या चुलतभावाने वाटपाचा दावा लावला. मी त्याला लहानपणापासून दादा म्हणतो, आजही म्हणतो. समन्स पुण्याच्या घरी आले, आईने सही करून घेतले आणि फोनवर फोटो पाठवला. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला मी, पण त्या कागदातले निम्मे शब्द कळले नाहीत. एक गोष्ट मात्र कळली असे वाटले : तारीख. '१०/०९' असे लिहिले होते. इतकी वर्षे अमेरिकेत काढल्यावर डोळ्यांनी सवयीने आधी महिना आणि मग दिवस वाचला, म्हणजे ९ ऑक्टोबर. आईला सांगितले, "काळजी करू नकोस, अजून भरपूर वेळ आहे, मी बघतो." प्रत्यक्षात तारीख होती १० सप्टेंबर. त्या दिवशी आमच्या बाजूने कोर्टात कोणीही नव्हते. आईविरुद्ध दावा एकतर्फी चालवण्याचा आदेश झाला.

पुढे ते निस्तरले, पण त्यात चार महिने, काही हजार रुपये आणि आईची बरीच झोप गेली. कोर्टाच्या जवळजवळ प्रत्येक शब्दामागे एक मुदत किंवा एक परिणाम असतो, हा धडा त्यातून मिळाला. शब्द कळला की काय करायचे आणि कधीपर्यंत करायचे हे कळते. बाकी काम वकिलांचे.

ही भाषा अशी का?

कोर्टातल्या मराठीचे तीन थर आहेत. सर्वांत जुना थर फारसी-अरबीचा : वकील, अर्ज, दरखास्त, कैफियत, हुकूमनामा, जप्ती, फिर्याद. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी हे शब्द कोर्टात टिकून राहिले. दुसरा थर इंग्रजांच्या काळातला : समन्स, बेलीफ, अपील, स्टे, कॅव्हेट. तिसरा थर महाराष्ट्र राज्य झाल्यावर घडवलेल्या संस्कृत वळणाच्या शब्दांचा : वादपत्र, न्यायनिर्णय, शपथपत्र, अधिनियम. त्यामुळे एकाच गोष्टीला दोन-तीन नावे असतात. 'लेखी कैफियत' आणि 'लेखी जबाब' एकच, 'दावा', 'वाद' आणि 'मुकदमा' एकच. हे माहीत नसले की कागद दुप्पट अवघड वाटतो.

महाराष्ट्रात तालुका आणि जिल्हा न्यायालयांचे कामकाज मराठीत चालू शकते आणि पुष्कळ ठिकाणी चालते. उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते.

कोणते कोर्ट?

दिवाणी : मालमत्ता, पैसे, वाटप, करार यांचे वाद. यात कोणी 'गुन्हेगार' नसतो. दिवाणी दाव्यात प्रतिवादी असणे म्हणजे आपण काही गुन्हा केला असे नव्हे. माझ्या आईला हे समजावण्यात पहिला आठवडा गेला.

फौजदारी : गुन्ह्यांचे खटले. यात सहसा सरकार एका बाजूला आणि आरोपी दुसऱ्या बाजूला असतो.

महसुली : तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत (उपविभागीय अधिकारी) आणि जिल्हाधिकारी यांच्यापुढची कामे. फेरफार नोंद, सातबाऱ्यावरचे नाव, शेतरस्ता ही प्रकरणे इथे चालतात. शेतरस्ता अडवल्याची तक्रार १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे करता येते, पण ती अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत करावी लागते. मुख्य म्हणजे सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयच ठरवते.

दिवाणी न्यायालयांची उतरंड अशी : दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर, जिल्हा न्यायाधीश, मुंबई उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय. मुंबई उच्च न्यायालयाची खंडपीठे नागपूर, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) आणि गोव्यात आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले, त्यामुळे सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांची मुंबईची खेप वाचते.

कागदाच्या माथ्यावर काय असते?

वादी : ज्याने दावा लावला तो.

प्रतिवादी : ज्याच्यावर दावा लावला तो. अनेक असतील तर क्रमांक देतात. आमच्या दाव्यात आई प्रतिवादी नं. १, मी नं. २ आणि बहीण नं. ३. अपिलात हीच नावे 'अपीलकर्ता' आणि 'उत्तरवादी' होतात. अर्ज असेल तर 'अर्जदार' आणि 'जाबदेणार' (किंवा सामनेवाला).

रे. मु. नं. : रेग्युलर मुकदमा नंबर, म्हणजे दाव्याचा क्रमांक. त्यापुढे तिरकी रेघ देऊन दाव्याचे वर्ष असते.

सीएनआर क्रमांक : प्रत्येक प्रकरणाला मिळणारा १६ अक्षरांचा कायमचा क्रमांक. आपल्या धंद्याच्या भाषेत प्रायमरी की. महाराष्ट्रातला क्रमांक 'एमएच' ने सुरू होतो. ई-कोर्ट्स सर्व्हिसेसच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर हा टाकला की पुढची तारीख, आधीच्या तारखांना काय झाले आणि अपलोड केलेले आदेश घरबसल्या दिसतात. क्रमांक नसेल तर जिल्हा, कोर्ट आणि पक्षकाराचे नाव घालूनही शोधता येते. मला हे आधी माहीत असते तर तो सगळा घोटाळा झालाच नसता.

दावा मिळकत : ज्या मालमत्तेबद्दल वाद आहे ती. वर्णनात 'मौजे' (गाव), गट नंबर, क्षेत्र आणि चतु:सीमा (चारी बाजूंना काय आहे) असते. क्षेत्र हेक्टर-आर मध्ये लिहितात. १०० आर म्हणजे १ हेक्टर. ४० गुंठे म्हणजे १ एकर, आणि १ गुंठा साधारण १ आर. वर्णन आपल्या सातबाऱ्याशी ताडून पहा. गट नंबर चुकला तर पुढे फार घोळ होतो.

सबब : 'म्हणून' किंवा 'त्या कारणाने'. कोर्टाच्या मराठीत हा शब्द 'बहाणा' या अर्थाने येत नाही! 'सबब, दावा दाखल केला आहे' असे वाचून रागावू नये.

दावा लागला, समन्स आले

वादपत्र (किंवा दावा अर्ज) : वादीचे सगळे म्हणणे आणि शेवटी त्याची मागणी. ती मागणी म्हणजे 'विनंती' किंवा 'प्रार्थना'. आधी शेवटचे पान वाचावे, म्हणजे समोरच्याला नक्की काय हवे आहे ते कळते.

समन्स : अमुक तारखेला जातीने किंवा वकिलामार्फत हजर रहा, असा न्यायालयाचा हुकूम. सोबत वादपत्राची प्रत असते. इथे अमेरिकेत ज्युरी ड्यूटीचे समन्स येते, त्याच्याशी गल्लत करू नका. तारीख दिवस/महिना/वर्ष अशीच वाचायची. शक्य तर आईवडिलांना सांगा की फोटो पाठवताना महिन्याचे नाव तोंडी सांगा.

बेलीफ : समन्स घेऊन घरी येणारा कोर्टाचा कर्मचारी. तो पोलीस नव्हे. घरच्यांनी घाबरून दार लावून घेण्यात काही फायदा नाही. समन्स घ्यायला नकार दिला तरी ते दाराला चिकटवून बजावता येते.

बजावणी : समन्स रीतसर पोचणे. पुढच्या बहुतेक मुदती इथून मोजतात, म्हणून सहीखाली तारीख घालावी आणि समन्सची छायाप्रत ठेवावी. प्रतिवादी परदेशात राहतो हे वादीला माहीत असेल तर समन्स परदेशातल्या पत्त्यावर पाठवण्याची पद्धत आहे. परदेशी समन्स बजावण्याच्या हेग कराराचा भारत २००७ पासून भाग आहे. त्यामुळे नुसते गावच्या पत्त्यावर समन्स टाकून 'पोचले' म्हटले गेले असेल तर वकिलांना ते आवर्जून सांगा.

लेखी कैफियत : प्रतिवादीचे उत्तर. रोजच्या मराठीत कैफियत म्हणजे मनातली तक्रार, गाऱ्हाणे. इथे अर्थ वेगळा. वादपत्रातल्या प्रत्येक परिच्छेदाला उत्तर द्यायचे असते, कारण जे स्पष्टपणे नाकारले नाही ते कबूल आहे असे धरले जाऊ शकते. मुदत : समन्स बजावल्यापासून ३० दिवस, आणि कारण देऊन न्यायालयाच्या परवानगीने ९० दिवसांपर्यंत. साध्या दिवाणी दाव्यांत अपवाद म्हणून याहून उशीरही माफ होऊ शकतो असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली म्हटले आहे, पण त्यावर विसंबू नये. व्यापारी स्वरूपाच्या दाव्यांत १२० दिवसांनंतर दार बंदच होते.

विनाकैफियत आदेश : मुदतीत कैफियत आली नाही तर ती शिवाय दावा पुढे चालवण्याचा आदेश.

एकतर्फी आदेश : समन्स पोचूनही प्रतिवादी हजर झाला नाही, तर त्याच्या गैरहजेरीत दावा चालवण्याचा आदेश. हा आमच्या आईविरुद्ध झाला. याचा अर्थ दावा हरलो असा नव्हे. योग्य कारण दाखवून तो आदेश रद्द करून घेता येतो, बहुधा समोरच्या पक्षाला 'खर्च' (कॉस्ट) देऊन. आम्ही तेच केले. मात्र एकतर्फी हुकूमनामाच होऊन गेला तर तो रद्द करण्याच्या अर्जाला ३० दिवसांची मुदत असते. समन्स रीतसर बजावलेच नसेल तर हे दिवस हुकूमनाम्याची माहिती कळल्यापासून मोजतात.

तातडीचे हुकूम

तूर्तातूर्त मनाई (किंवा तूर्तातूर्त ताकीद) : दाव्याचा निकाल लागेपर्यंत अमुक गोष्ट करू नका, असा तात्पुरता हुकूम. उदाहरणार्थ, जमीन विकू नका, बांधकाम करू नका, वहिवाटीला अडथळा करू नका. निकालात कायमची मिळते ती 'निरंतर मनाई'.

निशाणी : न्यायालयात दाखल होणाऱ्या कागदाचा क्रमांक. वादपत्र निशाणी १. आपल्याकडे तूर्तातूर्त मनाईचा अर्ज प्रथेप्रमाणे निशाणी ५ ला असतो, म्हणून वकील फोनवर नुसते म्हणतात, "निशाणी पाचवर उद्या युक्तिवाद आहे." मला वाटले पाचवा साक्षीदार आहे! हा अर्ज हलका घेऊ नका. दावा दहा वर्षे चालला तर दहा वर्षे या एका हुकुमावरच सगळे अडून राहते.

जैसे थे : आहे ती स्थिती दोघांनीही बदलू नये, असा आदेश.

स्थगिती (स्टे) : खालच्या न्यायालयाच्या आदेशाची अंमलबजावणी तात्पुरती थांबवणे. मनाई माणसाला असते, स्थगिती आदेशाला असते.

मनाई मोडली तर मालमत्ता जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. गावाकडच्या भावाने 'मी बघतो' म्हणून कुंपण घालायच्या आधी त्याला हे सांगावे.

कॅव्हेट : आपल्याविरुद्ध कोणी दावा किंवा अर्ज करणार अशी शंका असेल, तर 'मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' अशी आधीच दिलेली सूचना. ती ९० दिवस टिकते, नंतर पुन्हा द्यावी लागते. परदेशात राहणाऱ्यांसाठी हे स्वस्त आणि उपयोगी साधन आहे, कारण आपल्याला कळायच्या आत एकतर्फी मनाई होण्याचा धोका आपल्यालाच जास्त.

मधला लांबचा प्रवास

तारीख : प्रकरण पुन्हा ठेवलेला दिवस. प्रत्येक तारखेला सुनावणी होतेच असे नाही. त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी म्हणजे 'बोर्ड', आणि नाव मोठ्याने घेणे म्हणजे 'पुकारा'. पुढची तारीख मागणे म्हणजे 'मुदत मागणे'.

रोजनामा : प्रत्येक तारखेला काय घडले याची कोर्टाने ठेवलेली नोंद. सरळ भाषेत लॉग फाइल. वकील काय म्हणाले आणि प्रत्यक्षात काय झाले यात शंका असेल तर रोजनामा पहावा. आमच्याविरुद्धचा आदेश आम्हाला तिथेच सापडला.

पुरसीस : पक्षकाराने न्यायालयाला दिलेले छोटे लेखी निवेदन, जसे 'आमचा पुरावा संपला' किंवा 'आमची तडजोड झाली'. साधा कागद वाटतो, पण पुरसीस दिल्यावर मागे फिरणे कठीण. वाचल्याशिवाय सही करू नये.

मुद्दे काढणे : दोन्ही बाजू वाचून नेमके कोणत्या प्रश्नांवर निर्णय द्यायचा ते न्यायाधीश ठरवतात. पुढचा सगळा पुरावा या मुद्द्यांभोवती फिरतो.

सरतपास, उलटतपास, फेरतपास : साक्षीदाराने आपल्या बाजूने सांगितलेले ते सरतपास. दिवाणीत ते हल्ली शपथपत्रावर देतात. समोरच्या वकिलाने विचारलेले प्रश्न म्हणजे उलटतपास. त्यानंतर खुलाशापुरते आपल्या वकिलाने विचारलेले ते फेरतपास. सरतपास शपथपत्रावर दिला तरी उलटतपासाला स्वत: हजर रहावे लागते, हे परदेशातल्या लोकांच्या लक्षात येत नाही.

व्हिडिओद्वारे साक्ष : महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घेता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली सांगितले. तेव्हापासून ही वाट मोकळी आहे. न्यायालयाची परवानगी आधी घ्यावी लागते, म्हणून वकिलांकडे विषय लवकर काढावा.

कोर्ट कमिशनर : जागेची पाहणी किंवा मोजणी करून अहवाल देण्यासाठी न्यायालयाने नेमलेली व्यक्ती.

वारस लावणे : दावा चालू असताना पक्षकार मयत झाला तर त्याचे वारस प्रकरणात आणणे. त्यासाठी मृत्यूपासून ९० दिवसांत अर्ज करावा लागतो, नाहीतर मयताच्या बाबतीत दावा संपुष्टात येऊ शकतो. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील वादी म्हणून लढत आहेत. त्यांचे काही बरेवाईट झाले तर त्या दु:खातही हे ९० दिवस चालूच असतात.

युक्तिवाद : पुरावा संपल्यावर दोन्ही वकिलांचे अंतिम म्हणणे.

निकाल, आणि त्यानंतर

न्यायनिर्णय (निकालपत्र) : न्यायाधीशांनी दिलेली कारणे आणि निष्कर्ष.

हुकूमनामा : त्या निर्णयानुसार कोणाला काय मिळाले याचा औपचारिक कागद. अंमलबजावणी हुकूमनाम्याची होते.

प्राथमिक आणि अंतिम हुकूमनामा : वाटपाच्या दाव्यात आधी प्रत्येकाचा हिस्सा ठरतो (एक तृतीयांश, एक षष्ठांश वगैरे), तो प्राथमिक. प्रत्यक्ष जमिनीवर कोणता तुकडा कोणाचा हे नंतर ठरते. सारा भरणाऱ्या शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. म्हणून 'दावा जिंकलो' म्हणून पेढे वाटल्यावरही जमीन हातात यायला वर्षे लागतात.

सही-शिक्क्याची नक्कल : न्यायालयाने प्रमाणित केलेली प्रत. निकालानंतर लगेच अर्ज करावा. नक्कल तयार होण्यात गेलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वगळतात, पण अर्ज करण्यात आपण लावलेला उशीर वगळत नाहीत.

अपील : जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. पहिल्या अपिलात पुरावा पुन्हा तपासला जातो. उच्च न्यायालयातले दुसरे अपील फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर चालते.

विलंब माफीचा अर्ज : मुदत गेल्यावर सबळ कारण देऊन उशीर माफ करण्याची विनंती. 'परदेशात होतो' एवढेच कारण पुरेल असे धरून चालू नये.

दरखास्त : हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून मिळण्यासाठीचा अर्ज. हुकूमनामा आपोआप अमलात येत नाही. कोड लिहून झाला पण कोणी डिप्लॉय केला नाही, तसे. साधारणपणे मुदत १२ वर्षे. निरंतर मनाईच्या हुकूमनाम्याला ही मुदत लागू नाही.

परदेशातून सही करायचे कागद

वकीलपत्र : वकिलांना आपल्या वतीने काम चालवण्याचा अधिकार.

कुलमुखत्यारपत्र : दुसऱ्या व्यक्तीला, सहसा घरच्या माणसाला, आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार. अमेरिकेत वकिलाला अटर्नी म्हणतात, म्हणून इथे गोंधळ होतो. आपल्याकडचा मुखत्यार वकील नसतो आणि वकिलासारखा युक्तिवाद करू शकत नाही. सगळे अधिकार देण्याऐवजी एका कामापुरते 'खास मुखत्यारपत्र' देणे केव्हाही बरे.

परदेशात केलेले मुखत्यारपत्र इथल्या नोटरीसमोर करून अपोस्टील घ्यावे (भारत २००५ पासून त्या करारात आहे) किंवा भारतीय वकिलातीत साक्षांकित करावे. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावे लागते. हे तीन महिने लिफाफा कपाटात ठेवून वाया घालवू नका.

आणखी दोन गोष्टी. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले की, जी गोष्ट फक्त आपल्यालाच ठाऊक आहे तिची साक्ष आपल्या जागी मुखत्यार देऊ शकत नाही. आणि २०११ साली सांगितले की, नुसत्या मुखत्यारपत्रावर जमिनीची मालकी बदलत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते.

प्रतिज्ञापत्र (शपथपत्र) : शपथेवर दिलेले लेखी कथन. खोटे ठरले तर शिक्षा होऊ शकते.

हक्कसोडपत्र : मिळकतीतला आपला हिस्सा दुसऱ्या हिस्सेदाराच्या नावे सोडून देण्याचा दस्त. स्थावर मिळकतीचा असेल तर नोंदणी सक्तीची. 'ताई, नुसती एक सही पाहिजे' असे म्हणून परदेशातल्या बहिणींपुढे हा कागद येतो. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि त्या दिवशी वडील हयात नसले तरी तो हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. सोडायचा असेल तर आनंदाने सोडा, पण काय सोडतो आहोत ते जाणून सोडा.

वारस दाखला आणि उत्तराधिकार प्रमाणपत्र : पहिला १८२७ च्या जुन्या मुंबई रेग्युलेशनखाली वारस कोण हे सांगणारा. दुसरा मयताच्या ठेवी, शेअर्स, येणी मिळवण्यासाठी. बँक नेमका कोणता मागते ते आधी विचारून घ्या.

फौजदारीतले थोडे

जमिनीच्या वादात कोणीतरी पोलीस ठाण्यात जातोच, म्हणून एवढे माहीत असावे. 'फिर्याद' म्हणजे गुन्ह्याची तक्रार. 'दखलपात्र' गुन्ह्यात पोलीस स्वत:हून तपास करू शकतात, 'अदखलपात्र' (एन.सी.) मध्ये न्यायालयाच्या परवानगीशिवाय नाही. 'पंचनामा' म्हणजे पंचांसमोर केलेली नोंद, 'मुद्देमाल' म्हणजे गुन्ह्याशी संबंधित जप्त वस्तू, 'दोषारोपपत्र' म्हणजे तपास संपल्यावर पोलिसांनी न्यायालयात दिलेला अहवाल, 'अटकपूर्व जामीन' म्हणजे अटकेच्या भीतीने आधीच मागितलेला जामीन. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे, म्हणून जुन्या कलमांचे आकडे आता जुळणार नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहिता मात्र १९०८ चीच आहे.

तडजोड

मध्यस्थी : न्यायालयाने नेमलेला तटस्थ माणूस दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवतो. तो निर्णय देत नाही, बोलणे घडवून आणतो.

लोकअदालत : इथे झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचे बळ असते. त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

आमचा दावा अजून चालू आहे. मागच्या खेपेला मध्यस्थी केंद्रात दादा आणि मी बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच एका बाकावर बसलो. तेव्हा कळले की दादाची मुख्य तक्रार जमिनीच्या तुकड्याची नव्हती. बाबांच्या मागे आम्ही त्याला न विचारता फेरफार करून घेतला, याचा त्याला राग होता. आमच्या लेखी ते नुसते वारसनोंदीचे काम होते, त्याच्या लेखी तो आपल्याला डावलल्याचा पुरावा होता. समन्स येण्याच्या आधी एक फोन केला असता तर बरे झाले असते. जमिनीचे काय व्हायचे ते होईल, बोलणे पुन्हा सुरू झाले आहे.

जाता जाता : कागद आला तर

१. दोन्ही बाजूंचे, सगळ्या पानांचे स्पष्ट फोटो मागवा.
२. तारीख दिवस/महिना/वर्ष अशी वाचा आणि कॅलेंडरमध्ये आठवडाभर आधीची आठवण लावा.
३. सीएनआर क्रमांक शोधून प्रकरण स्वत: पहा.
४. शेवटच्या पानावरची विनंती वाचा, निशाणी ५ चा अर्ज सोबत आहे का पहा.
५. वकील त्याच तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टात काम करणारे घ्या आणि त्यांच्याकडून प्रत्येक तारखेचा निरोप लेखी मागा.
६. म्हाताऱ्या आईवडिलांना एकट्याने कशावरही सही करू देऊ नका.

वरची माहिती ओळखीपुरती आहे. आपल्या प्रकरणात काय लागू होते ते आपले वकीलच सांगतील. आपल्याला आणखी काही शब्द अडले असतील तर मंडळाकडे जरूर कळवा, पुढच्या अंकात भर घालू.

चूकभूल द्यावी घ्यावी.